पुण्यात चर्च शोधताना

गेल्या आठवड्यात वसईहून मावसभावाचा फोन आला. पुण्यात नोकरी लागलीय, खोलीही मिळालीय. "दादा, तिकडे चांगलं चर्च कुठलं?" दोन नावं सांगून मोकळा झालो असतो. पण हाच प्रश्न घेऊन मी स्वतः दीड वर्ष फिरलोय, म्हणून नीट लिहूनच टाकतो. त्याच्यासारखे आणखीही असतील.

वसईत असताना 'चर्च शोधणं' हे शब्दच कधी तोंडी आले नव्हते. आम्ही कॅथलिक; ज्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, घर, ते आपलं चर्च. तिथेच बाप्तिस्मा, तिथेच आईवडिलांचं लग्न, तिथल्याच कबरस्तानात आजोबा. माझी आजी लाल लुगडं नेसून पहाटेच्या मिस्साला, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेला, चालत जायची. परमप्रसाद, म्हणजे मिस्सात प्रभूचं शरीर म्हणून मिळणारी भाकर, घ्यायचा तर मध्यरात्रीपासून उपास. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली हा उपास तीन तासांवर आणला, सहावे पॉल यांनी १९६४ साली एका तासावर. हे फादरांनी तिला समजावलं होतं. तरी तिनं शेवटपर्यंत दिवसाचा पहिला चहा घेतला तो मिस्साहून आल्यावरच. भक्तीविषयी ती कधी काही बोलली नाही. पण चर्चच्या उंबऱ्याशी आली की तिचं बोलणं थांबायचं, आणि बाहेर पडेपर्यंत आम्हा नातवंडांनाही ते कळायचं.

पुण्यात पहिल्यांदा गेलो ते घराच्या सर्वांत जवळच्या चर्चमध्ये. माणसं प्रेमळ होती, हे आधी सांगतो. पण फादर मिस्साग्रंथातली वाक्यं आपल्या मनानं बदलून म्हणत. आधी वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. परमप्रसादानंतर अर्धा मिनिटही शांतता नाही, लगेच वाढदिवसवाल्यांना पुढे बोलावून टाळ्या. ज्या क्षणी प्रभू आपल्या आत असतो त्या क्षणी टाळ्या! मला ते सोसवेना. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या, १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात बाविसाव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की कुणीही, अगदी धर्मगुरूनंही, उपासनेत स्वतःच्या अधिकारात काही घालू नये, गाळू नये, बदलू नये. मिस्सा एकट्या फादरांची नसते आणि माझ्या आवडीनिवडीचीही नसते. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मेले. आज त्या नागासाकीत होणारी मिस्सा आणि आमच्या गावात होणारी मिस्सा एकच आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. कुणी तिच्यात आपली वाक्यं घातली की मला तो धागा तुटल्यासारखा वाटतो.

मग एका मित्रानं दुसरं चर्च सुचवलं, बरंच लांब. धूप, लॅटिन गायन, गुडघ्यांवर बसून परमप्रसाद. पहिल्या दिवशी डोळे भरून आले. यातलं काहीही मागासलेलं नाही. त्याच दस्तऐवजात लॅटिन जपावी, ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्यावं, असंही म्हटलंय. पण तीन महिन्यांत मन विटलं. मिस्सा संपली की अंगणात उभं राहून बाकीच्या धर्मग्रामांची निंदा, पोपविषयी वाटेल ते बोलणं. एकदा एका बाईचं तान्हं बाळ रडलं, तर मागच्या बाकावरून तिच्याकडे अशा नजरा गेल्या की ती उठून बाहेर गेली आणि परत आली नाही. त्या बाळाचं रडणं हा अनादर नव्हता. त्या नजरा होत्या.

याउलट एका साधनेच्या ठिकाणी सतरंजीवर बसून मिस्सा झाली. चपला बाहेर, पंचांग प्रणाम, आरती. आमच्या घरातल्या काही वडीलधाऱ्यांना हे पटत नाही, 'हे आपलं नव्हे' म्हणतात. पण भारतासाठी अशा बारा गोष्टींना रोमनं १९६९ सालीच मान्यता दिली आहे. त्या खोलीत तीसेक माणसं होती आणि पंख्याचा आवाज ऐकू येत होता. तेव्हापासून मी लॅटिन की मराठी, गिटार की ऑर्गन, या वादात पडत नाही.

मग बघायचं काय? मी शनिवारी संध्याकाळी जाऊन बघतो, फादर पापनिवेदनाला, म्हणजे लोकांच्या पापांची कबुली ऐकायला, बसतात का. विश्वासूंना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पापनिवेदन करता यावं अशी सोय करणं हे मेंढपाळाचं, म्हणजे धर्मगुरूचं, कर्तव्य आहे, असं चर्चच्या कायद्यातलं ९८६वं कलम सांगतं. बऱ्याच ठिकाणी 'ऑफिसात फोन करून वेळ घ्यावी' अशी पाटी असते. ज्याच्या मनावर ओझं आहे तो माणूस फोन करत नाही, रे बाबा. मी चार वर्षं केला नव्हता. एका शनिवारी मात्र एका चर्चमध्ये सहज शिरलो, तर कोपऱ्यातल्या कन्फेशनलमध्ये, म्हणजे पापनिवेदनाच्या जागी, दिवा लागलेला आणि बाहेर पाच-सहा जण रांगेत. एक रिक्षावाले काका होते, खाकी शर्टातच. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. त्या संध्याकाळी काय झालं ते माझ्याकडेच राहू दे.

दुसऱ्या दिवशी तिथल्याच पहाटेच्या मराठी मिस्साला गेलो. बहुतेक मंडळी नगरकडची: राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर. कुणी बांधकामावर, कुणी धुणीभांडी करणाऱ्या, सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला न चुकता जाणारी. गाणाऱ्यांचा सूर थोडा ढळतो, माइक खरखरतो. पण प्रवचन शुभवर्तमानावर असतं, शब्द मिस्साग्रंथातले असतात, आणि भाकर वर उचलली की त्या बाया डोक्यावरचा पदर सावरून मान खाली घालतात.

रविवारची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये केली तरी चालते, त्यामुळे शोधण्यात पाप नाही. पण मावसभावा, सापडल्यावर थांब. ऑफिसात नाव नोंदव. उद्या लग्नाला फादरांची चिठ्ठी लागेल, आजारपणात पवित्र तेल लावून प्रार्थना करायला फादरांना यावं लागेल, ते अनोळखी नसावेत. माइक खरखरतो तर दुरुस्तीला हातभार लाव. मी तिथे आता वाचन करतो, आणि नगरी हेल कानाला इतका गोड लागेल असं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

साडेसहाची मिस्सा आहे. सव्वासहाला फाटकापाशी ये, काय बोलायचं ते तिथेच बोलू. आत गेल्यावर मी बोलणार नाही.