नवरदेवाचं मत

लग्न ठरलं तेव्हा ते माझं आहे, असा माझा समज होता. याद्यांच्या बैठकीपर्यंत तो टिकला.

त्या दिवशी दोन्हीकडची मोठी माणसं गादीवर बसली. खर्च कोणी काय करायचा, मानपान कोणाचे, सगळं कागदावर उतरलं. यादीच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं, सह्या झाल्या. ज्या दोघांचं लग्न, त्यांची सही कुठेच नव्हती. ती आत पोहे वाढत होती आणि मी बाहेर चपला सरळ लावत होतो.

तारखेबद्दल मात्र मला विचारलं गेलं. मी म्हणालो, "थंडीत, रविवारी." सगळे कौतुकानं हसले. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आपल्याकडे कोणी हलत नाही, आणि ते लागलं की अख्ख्या पुण्याला एकदम घाई होते. शेवटी मुहूर्त काढला तो मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं, कारण त्याच्याकडे एकच मंगळवार मोकळा होता. पंचांगात बघून गुरुजींनी त्याला दुजोरा दिला. दुपारी 12 वाजून 27 मिनिटं.

मग लक्ष्मी रोड. शालू तिचा, पण "तू पण ये, तुझंही मत हवं," असं सांगून मला नेलं. सोबत दोन आया, एक मामी आणि माझी आत्या. आत्या काही घेणार नव्हती, ती फक्त नाकं मुरडायला आली होती. दुकानदारानं भराभर घड्या मोडल्या. एका हातात एक हिरवट निळी साडी, दुसऱ्या हातात दुसरी हिरवट निळी साडी.

"रामा की मोरपंखी?" तिनं विचारलं.

मी दोन्हींकडे आळीपाळीनं पाहिलं. साड्यांमध्ये फरक दिसेना, पण चार बायकांच्या चेहऱ्यांवर मात्र तो आहे असं स्पष्ट दिसत होतं.

"चालेल," मी म्हणालो.

"चालेल म्हणजे? कोणती?"

"दोन्ही छान आहेत."

"म्हणजे एकही आवडली नाही." ती साड्या बाजूला सारून म्हणाली, "दादा, चिंतामणी दाखवा."

चिंतामणी हा रंग आहे हे मला त्या दिवशी कळलं. आमसुली, अबोली, डाळिंबी, वांगी हेही कळले. (निम्मे रंग खाण्याचे आहेत, हे बघून जरा धीर आला.) तीन तासांनी जी साडी पसंत पडली, ती पहिली रामाच होती. बाहेर आल्यावर आई पुटपुटली, "तेव्हाच ठामपणे बोलला असतास तर?" रात्री तिचाही फोन, "तुला काही मतच नाही का रे?" माझा सुटाबुटाचा आणि सोवळ्याचा प्रश्न पंधरा मिनिटांत सुटला, तोही मी पार्किंग शोधत असताना.

पत्रिकेचं प्रूफ बघायला दिलं तेव्हा ऊर भरून आला. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ काढले, एका काकांचा क्रम वर घेतला. आई म्हणाली, "अरे, ती छापून आलीये. तू नुसती बघ." पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवायला मलाच नेलं. गाडी चालवायला.

तरी एक मत माझ्याकडे होतं. केटररपुढे सगळे पास्ता काउंटर आणि चॉकलेटच्या कारंज्यात रमले असताना मी म्हणालो, "जिलेबीबरोबर मठ्ठा हवा."

शांतता पसरली.

"याला मठ्ठा हवाय," आईनं सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी सासऱ्यांना. "जावईबापूंची एवढी एकच इच्छा आहे," म्हणत मामांनी तो यादीत चढवला आणि खाली दोन रेघा मारल्या. तिथून पुढे लग्नाची प्रत्येक अडचण मठ्ठ्यावर जाऊन थांबली. बजेट वाढलं? मठ्ठा. वाढपी दोन जास्त? मठ्ठा. फेटेवाला उशिरा येणार होता, त्याचाही संबंध आत्यानं लावून दाखवला.

लग्न लागलं. 12:27चं 12:41ला, पण लागलं. पाहुणे जेवले, जाताना प्रत्येक जण स्टेजवर येऊन माझा हात हातात घेऊन तेच म्हणाला, "मठ्ठा फक्कड हं!" मी मुंडावळ्यांआडून हसत राहिलो. धुरानं डोळे चुरचुरत होते, पोटात सकाळपासून अर्धा कप चहा.

साडेतीनला आमची पंगत बसली. ताटाभोवती रांगोळी, चांदीची वाटी, उदबत्ती. नाव घ्या, घास भरवा, इकडे बघा, परत भरवा, फोटो आला नाही. जिलेबी आली. मी वाटी पुढे केली.

वाढपी कानाशी वाकला. "साहेब, मठ्ठा संपला. कोकम सरबत चालेल का?"

दोन आया, मामी, आत्या आणि माझी बायको, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"चालेल," मी म्हणालो.