उतारशाळेचा मालक कुठे गेला?

नमस्कार.

आमच्या मंडळीनं बसवलेल्या नाताळच्या संगीतिकेबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. वाचून राग आला, म्हणून चार दिवस थांबलो. आता लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही प्रयोगाला आला होतात, अगदी मागच्या बाकावर बसला होतात. तुमचं म्हणणं असं की नाटकात उतारशाळेचा मालक नव्हता, गाय-गाढव नव्हतं, आणि तीन राजांच्या जागी सात जण अंगरखे घालून हिंडत होते. लहान मुलांसमोर हेरोद राजानं केलेल्या बेथलेहेमच्या बाळांच्या कत्तलीचा प्रसंग आणला. जुनी गीतं सोडून नवी गाणी केली, त्यांच्या चाली सिनेमाच्या वाटत होत्या, शब्द मागे पोचत नव्हते. मरीयेच्या गाण्यावर टाळ्या पडल्या तेव्हा तुम्हाला उठून जावंसं वाटलं. शेवटचा प्रश्न: "शुभवर्तमानात सुधारणा करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" आणि ताजा कलम, की हे बत्तीस वर्षं क्वायरमध्ये, म्हणजे देवळाच्या गायकवृंदात, बेस (सगळ्यात खालचा आवाज) गायलेला माणूस लिहितोय.

टाळ्यांचं आणि शब्दांचं तुमचं बरोबर आहे, त्याकडे नंतर येतो. बाकीच्याबद्दल मात्र भांडणार आहे.

आधी तो मालक. मी त्याला तुमच्याइतकाच ओळखतो, कारण लहानपणी सलग दोन नाताळ मी स्वतःच तो होतो. हातात कंदील, गोंदानं चिकटवलेली मिशी आणि एकच वाक्य: "जागा नाही!" दुसऱ्या वर्षी मिशी योसेफच्या खांद्यावर पडली. तर या माणसावर माझा जीव आहे. पण लूकच्या शुभवर्तमानात, जिथे ही जन्माची गोष्ट आहे त्या दुसऱ्या अध्यायात, तो नाही. सातव्या वचनात एवढंच आहे की बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. दार कोणी उघडलं, कोणी तोंडावर आपटलं, कोणाला दया आली, यातलं काहीही लूक सांगत नाही.

'उतारशाळा' या शब्दाचीही एक गंमत आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'कटालुमा' आहे. हाच शब्द लूक बाविसाव्या अध्यायात पुन्हा वापरतो, तो शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी. पैसे देऊन मुक्काम करायची जागा सांगायची असते तेव्हा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात, तो वेगळाच शब्द घेतो, 'पांदोखेइऑन'. तिथे मालकही आहे आणि त्याच्या हातावर दोन नाणीही पडतात. म्हणून बरेच अभ्यासक जन्माच्या गोष्टीतला 'कटालुमा' म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली असं धरतात. साध्या घरात रात्री जनावरं आतच एका बाजूला बांधत, गव्हाणी तिथेच असे, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

मी हे वाचून विसरलो होतो. आठवण करून दिली एका नऊ वर्षांच्या मेंढपाळानं. पहिल्या वाचनाच्या वेळी आम्ही नेहमीसारखं दार, कंदील, नकार असं लिहून आणलं होतं. त्यानं मान वर न करता विचारलं, "योसेफचंच गाव ना ते? मग त्याचे नातेवाईक कुठे गेले?"

मोठे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या दिवशीची तालीम तिथेच संपली. पुढचे दोन आठवडे संहिता त्या प्रश्नावर अडून बसली, आणि शेवटी आम्ही दारच काढून टाकलं. त्या जागी पाहुण्यांनी गच्च भरलेलं घर आलं. अंथरुणं सरकवली जाताहेत, पोतं उचलून दुसरीकडे टाकलं जातंय, आणि या सगळ्या गोंधळात योसेफची एक आत्या बाळंतिणीसाठी कोपरा मोकळा करतेय.

आता मला सांगा, ती आत्या लूकमध्ये कुठे आहे? कुठेही नाही! तिला अख्खं एक गाणं आहे, पहिल्या अंकातलं सगळ्यात लांब, आणि तुम्ही तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. सुधारणा केल्याचा आरोप मला मान्य आहे. तुम्ही बोट चुकीच्या जागी ठेवलंत, एवढंच. जो माणूस ग्रंथात नव्हता तो गेला म्हणून तुम्ही रागावलात, आणि ग्रंथात नसलेली बाई आली ती तुम्हाला घरचीच वाटली.

गाय-गाढवाचं पटकन उरकतो. लूकमध्ये नाहीत, मत्तयाच्या शुभवर्तमानातही नाहीत. जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, पहिल्या अध्यायात बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या मालकाच्या गव्हाणीला ओळखतं असं वचन आहे, त्यावरून ती आली. चौथ्या शतकातल्या शवपेट्यांवर जन्माची कोरीव चित्रं आहेत, त्यातल्या काहींत बाळ आहे, बैल आहे, गाढव आहे, पण मरीयाच नाही. इतकं त्या दोघांचं आसन पक्कं. आम्ही ती वगळली त्याला धर्मशास्त्रीय कारण काही नव्हतं. मागच्या वेळी गाढवाच्या पोशाखातला मागचा मुलगा उकाड्यानं कासावीस झाला होता.

सात जणांचंही तसंच. मत्तय मागी लोकांचा, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा, आकडा देत नाही, त्यांना राजेही म्हणत नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशी तीन दानं आहेत, त्यावरून माणसं तीन धरली गेली. आमच्याकडे सात मुलांना काम हवं होतं. मत्तयानं अशी सोय करून ठेवली असताना चौघांना घरी कशाला पाठवायचं?

अधिकाराबद्दल मात्र नीट बोलायला हवं. इ.स. 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या फ्रान्सिसनं नाताळच्या रात्री गवत पसरून गव्हाणी मांडली आणि खराखुरा बैल नि गाढव आणवलं. त्याचा चरित्रकार सेलानोचा थॉमस सांगतो की त्या रात्री फ्रान्सिसनं स्वतः शुभवर्तमान गाऊन वाचलं, आणि प्रवचनात 'बेथलेहेम' हा शब्द तो मेंढरू बें बें करतं तसा उच्चारत होता. डोळ्यासमोर आणून बघा. गंभीर उपासना चालू आहे, आणि पुढे उभा राहून एक संतपुरुष "बेऽऽथलेहेम" करतोय. मागच्या बाकावरून त्यालाही कोणीतरी काहीतरी म्हटलं असेल. बोनाव्हेंचर या पुढच्या चरित्रकारानं नंतर लिहिलंय की फ्रान्सिसनं या मांडणीसाठी आधी पोपची परवानगी घेतली होती. आम्ही आमच्या पाळकांची घेतली. त्यांनी संहितेतली दोन पानं उडवली आणि योसेफच्या तोंडचा एक विनोद काढायला लावला. (तो चांगला होता. अजून हळहळ आहे.)

हेरोद. इथे तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंत, आणि मीही लिहिणार आहे.

संहिता पहिल्यांदा झाली तेव्हा तो प्रसंग नव्हता. मागी आले, दानं ठेवली, सगळे रंगमंचावर, शेवटचं गाणं, पडदा. मग आमच्यातली एक जण म्हणाली, "मत्तयाचं दुसरं पान आपण फाडलंय." तिचं बाळ दोन वर्षांपूर्वी गेलं होतं. तिला उत्तर द्यायची कोणाची हिंमत झाली नाही, आणि द्यायला उत्तरही नव्हतं.

हा प्रसंग नाताळच्या नाटकात आणणारे आम्ही पहिले नाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात कापड कातरणाऱ्यांच्या आणि शिंप्यांच्या संघाचं जन्माचं नाटक होतं. रॉबर्ट क्रोनं 1534 मध्ये दुरुस्त केलेली त्याची संहिता आपल्यापर्यंत पोचली आहे. त्यात हेरोदासाठी सूचना आहे की त्यानं रंगगाडीवरही (चाकांवरच्या रंगमंचावर) थयथयाट करायचा आणि खाली रस्त्यात उतरूनही. म्हणजे तो थेट प्रेक्षकांत घुसायचा. आणि शिपाई यायच्या आधी बेथलेहेमच्या आया आपापल्या बाळांना अंगाई गातात. आज जगभर नाताळात गातात ती 'कॉव्हेंट्री कॅरल' ती हीच. तुमच्या बत्तीस वर्षांत तुम्हीही कधीतरी गायली असेल. गाताना ती कोणाच्या तोंडची आहे याचा विचार केला होतात का? मी केला नव्हता.

आम्ही तलवार दाखवली नाही, शिपाईही दाखवला नाही. अंधारात पाच बायका वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभ्या राहून एकच अंगाई गातात. एक आवाज ओळीच्या मधेच थांबतो. मग दुसरा. शेवटी एकच उरतो, तोही शब्द अर्धा टाकून थांबतो. सगळं मिळून मिनिटभर. एक पाच वर्षांची मुलगी रडली हे खरं आहे, तिच्या आईनं तिला बाहेर नेलं. आईला आधी कल्पना द्यायला हवी होती, ती चूक आमची. प्रसंग राहणार. मत्तयानं वगळला असता तर मीही वगळला असता.

जुनी गीतं का नाहीत? माझी तक्रार भाषांतरांबद्दल आहे. परक्या भाषेसाठी बांधलेल्या चालीवर आपले शब्द बसवले की ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर ताणावं लागतं आणि दीर्घ अक्षर घाईघाईत गिळावं लागतं. आपल्याला सवयीनं ते कळत नाही. मुलांना पहिल्यांदा शिकवताना कळतं, कारण ती हमखास तिथेच अडखळतात. एकदा तरी शब्द आधी लिहायचे आणि चाल त्यांच्या मागून न्यायची, एवढा हट्ट होता.

आणि सिनेमाच्या चाली. जर्मन संगीतकार बाखचं नाताळचं ऑराटोरिओ (धार्मिक कथेवरची मोठी गायन-रचना) 1734 च्या नाताळात पहिल्यांदा वाजलं. त्यातलं बरंच संगीत त्यानं आदल्याच वर्षी राजघराण्यातल्या वाढदिवसांसाठी केलं होतं. दुसऱ्या भागात बाळ येशूसाठी जी अंगाई आहे, ती आधी हर्क्युलिसला भुलवणाऱ्या 'विलास', म्हणजे चैन, या पात्राच्या तोंडी होती. आम्ही एवढं धाडस केलं नाही.

आमच्या चाली सोप्या आहेत, कारण आमचे गळे शिकलेले नाहीत. एकाही एकल गाण्याची धाव नऊ-दहा सुरांच्या पलीकडे नाही. तरीही फजिती व्हायची ती झालीच. गब्रिएल देवदूत करणारा मुलगा ऑगस्टमध्ये काळी चारमध्ये घंटेसारखा वाजत होता. ऑक्टोबरात वरचा सूर फाटायला लागला. पट्टी दोनदा उतरवून काळी एकला आणली. नोव्हेंबरात तर एकाच ओळीत दोन आवाज यायचे, एक त्याचा आणि एक त्याच्या बापाचा. तो रडवेला झाला आणि काम सोडतो म्हणाला. तेव्हा गाणंच काढलं. क्वायर मागे ओठ मिटून गुणगुणत राहिली आणि त्यानं मरीयेला निरोप नुसता बोलून सांगितला. नंतर लक्षात आलं, लूकमध्ये मेंढपाळांपुढचे देवदूतसुद्धा 'गायले' असं लिहिलेलं नाही, 'म्हणाले' असं आहे. त्या मुलाला हे सांगितल्यावर तो दोन बोटं उंच झाला.

आता टाळ्या. मरीयेचं गाणं संपल्यावर सगळे गप्प, आणि त्या शांततेत तिच्या नातलग अलिशिबेनं तिचा हात धरायचा, असं ठरलं होतं. टाळ्या पडल्या. आणि आमच्या मरीयेनं, चौदा वर्षांची पोर ती, सवयीनं लोकांकडे वळून वाकून नमस्कार केला. तुम्ही डोळे मिटले असतील. मी विंगेत कपाळाला हात लावला. पण दोष लोकांचा नाही, तिचाही नाही. चाल मी केली होती. शेवटची ओळ चढत चढत वरच्या षड्जावर नेऊन बरोब्बर समेवर सोडली होती. असं केलं की हात आपोआप उठतात, तिथे देवळात आहोत की नाट्यगृहात याचा काही संबंध नाही. आता ती ओळ मधल्या सुरावर अर्धवट ठेवली आहे, आणि अलिशिबेचं वाक्य तिच्यातूनच सुरू होतं.

शब्द पोचले नाहीत कारण आम्ही तालीम छोट्या खोलीत केली आणि प्रयोग उंच छताच्या देवळात. तिथे आवाज घुमत राहतो, एक अक्षर विरायच्या आत पुढचं त्याच्यावर येऊन पडतं. आत्याचं गाणं जलद, त्याचा तर नुसता कल्लोळ झाला. आम्ही माईकचा आवाज वाढवला, म्हणजे कल्लोळच वाढवला. लय कमी करायला हवी होती, हे पुढच्या बाकांवरून कळलंच नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं.

तुम्ही म्हणता पुढच्या वर्षी तरी नेहमीचं करा. पुढच्या वर्षी हेच पुन्हा करणार आहोत, वीसेक मिनिटं कमी करून. गब्रिएलचा आवाज आता स्थिरावला आहे. तो क्वायरच्या मागच्या रांगेत बेसमध्ये उभा असतो, आणि त्या रांगेत त्याच्याखेरीज दोघेच आहेत, त्यातले एक बहुतेक वेळा मधल्या आवाजाच्याच मागे जातात. त्याला शेजारी कोणीतरी पक्क्या सुराचं हवंय. तालमी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, उपासना संपल्यावर. संहिता तुम्हाला आधीच पाठवतो, आत्याच्या पानावर हवी तितकी लाल शाई चालवा.