बढतीवरून चिडलेले कॅप्टन आणि फाडलेले फोटो: एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

आफ्रिकेतल्या वसाहती टिकवण्यासाठी पोर्तुगालने केलेल्या युद्धावरच्या माझ्या लेखावर आपण मुद्देसूद टीका केलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपलं म्हणणं थोडक्यात असं: पोर्तुगालमधली हुकूमशाही उलथवणारं 25 एप्रिल 1974 चं बंड बढतीवरून चिडलेल्या कॅप्टनांनी केलं, लोक मागाहून फुलं घेऊन आले, तेव्हा ‘समाजाने युद्ध थांबवलं’ हे विधान भाबडं आहे. शिवाय अंगोलात सैन्य हरत नव्हतं. आणि पुण्यातल्या वाचकाचा याच्याशी संबंध काय?

बढतीची गोष्ट खरी आहे. ती मी लेखात दोन ओळींत उरकली, ही माझी चूक. जुलै 1973 मध्ये 353/73 क्रमांकाचा अध्यादेश निघाला. सक्तीच्या भरतीतून आलेल्या तात्पुरत्या अधिकाऱ्यांना लष्करी अकादमीतला छोटा अभ्यासक्रम करून कायम सेवेत यायची वाट त्याने मोकळी केली आणि त्यांची आधीची सेवाही ज्येष्ठतेत धरली. अकादमीतून रीतसर शिकून आलेला, आफ्रिकेच्या दोन-तीन खेपा केलेला कॅप्टन कागदावर एकदम मागे पडणार होता. ज्येष्ठतेच्या यादीवरून होणारी भांडणं ज्यांनी सरकारी नोकरीत पाहिली आहेत, त्यांना हा संताप समजावून सांगायला नको.

पण असा अध्यादेश काढायची वेळ का आली? अधिकारी मिळत नव्हते म्हणून. अकादमीत जागा 400 च्या वर आणि 1973 मध्ये उमेदवार शंभरही नाहीत. बऱ्या परिस्थितीतल्या घरांनी मुलांना तिकडे पाठवणं सोडून दिलं होतं. सक्तीची सेवा चार वर्षांपर्यंत लांबली होती, त्यातली दोन आफ्रिकेत. 1970 नंतर भरतीसाठी बोलावलेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण हजरच होत नव्हता.

हे तरुण जायचे कुठे? बरेचसे फ्रान्सला. पासपोर्ट मिळत नसे, म्हणून चोरवाटेने स्पेन ओलांडून. या प्रवासाला तिकडे ‘उडी’ असंच म्हणत. वाटाड्याने मध्येच सोडून देऊ नये म्हणून युक्ती होती: निघताना फोटो फाडायचा, अर्धा घरी, अर्धा आपल्याजवळ. माणूस सुखरूप पोहोचला की त्याच्याकडचा तुकडा घरी यायचा, दोन्ही तुकडे जुळले की घरचे लोक उरलेली रक्कम वाटाड्याला देत. सगळेच काही युद्धापायी गेले नाहीत, गरिबी हे मोठं कारण होतंच. पण 1960 पेक्षा 1970 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या कमी भरली, ही काही साधी गोष्ट नव्हे. मोर्चे निघत नव्हते, कारण गुप्त पोलीस होते. गावं मात्र रिकामी होत होती. माझ्या लेखी हाच समाजाचा नकार, आणि तो कॅप्टनांच्या कितीतरी आधीचा.

दुसरं म्हणजे, सरकारने तो अध्यादेश 1973 संपायच्या आतच मागे घेतला. भांडण निव्वळ बढतीचं असतं तर तिथेच मिटलं असतं. उलट कॅप्टनांच्या बैठका वाढल्या आणि विषय बदलला: युद्धावर राजकीय तोडगा हवा, आणि तो ही राजवट काढणार नाही. यात सरकारचाही हातभार होता. 1969 मध्ये कोइंब्रा विद्यापीठात संप करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षा म्हणून सैन्यात धाडलं गेलं. जो असंतोष विद्यापीठात कोंडायचा होता, तो सरकारनेच बराकींत नेऊन सोडला.

अंगोलाबद्दल आपण बरोबर आहात. पण आघाड्या तीन होत्या: अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊ. गिनी-बिसाऊत मार्च 1973 पासून बंडखोरांकडे खांद्यावरून डागायची विमानवेधी क्षेपणास्त्रं आली आणि जखमींना हवाईमार्गे हलवणंसुद्धा अवघड झालं. राष्ट्रीय खर्चाचा सुमारे 40 टक्के वाटा सैन्यावर जात होता.

आता पुण्याचा संबंध. गिनीत हरलो तर खापर आपल्यावर फुटणार ही भीती या अधिकाऱ्यांना वाटत होती, ती गोव्यामुळे. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने शेवटपर्यंत लढायचा हुकूम दिला होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो न पाळता शरणागती पत्करून हजारो जीव वाचवले आणि बदल्यात त्यांना सैन्यातून काढण्यात आलं. त्याच गोव्यासाठी मे 1955 मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले होते. पुढे पुण्यात राहिलेले मोहन रानडे जानेवारी 1969 पर्यंत लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात होते. बंडानंतर राजकीय कैद्यांसाठी उघडलेल्या तुरुंगांत तोही होता. आणि गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने करार करून मान्य केलं ते 31 डिसेंबर 1974 ला, म्हणजे युद्ध चालवणारी राजवट गेल्यावर आठच महिन्यांनी.

बंडानंतर पोर्तुगालमधल्या घराघरांत काय बदललं, यावर आपण काही लिहिलं नाहीत, पण मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. मे 1974 मध्ये देशात प्रथमच किमान वेतन ठरलं, महिना 3300 एस्कुदो (तेव्हाचं पोर्तुगीज चलन). चर्चमध्ये लग्न झालेल्यांना 1940 च्या व्हॅटिकन करारामुळे घटस्फोट मिळत नसे, तो 1975 मध्ये मिळू लागला. त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या निवडणुकीत 90 टक्क्यांहून जास्त मतदान झालं. आणि तेव्हाच आफ्रिकेतून सुमारे पाच लाख माणसं परतत होती, जेमतेम 90 लाखांच्या देशात. सरकारने त्यांना हॉटेलांत ठेवलं. त्यांच्या सामानाची लाकडी खोकी लिस्बनच्या नदीकाठी रचून पडली होती.

एक गोष्ट मात्र आपल्याही नजरेतून सुटली आणि माझ्याही लेखात नव्हती. गिनीत पोर्तुगालच्या बाजूने लढलेले स्थानिक आफ्रिकी सैनिक मागेच राहिले, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांच्यातल्या अनेक कमांडोंना नव्या सरकारने गोळ्या घातल्या. लिस्बनमधल्या फुलांचं वर्णन मी परिच्छेदभर केलं आणि यांच्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. ती भर मूळ लेखात आजच घालतो आहे, आणि 353/73 चा तपशीलही.