क्लच वायर गाडीलाच राहू द्या

"कंपन्या लुटत्यात! ग्रास कटरला दोरी विकत घेऊ नका, गाडीची जुनी क्लच वायर घाला, सीझनभर बघायला नको. गार्ड काढा, मशीन हलकं होतंय. दोरीच पाहिजे तर जाडात जाड घ्या, रात्रभर भिजवा, गुंडाळा कशीबी." पाऊस सुरू झाल्यापासून हा मेसेज कोल्हापूर जिल्हाभर फिरतोय. भावकीच्या ग्रुपवर आला तोवर मी गप्प होतो. पण तात्यांनी उसाच्या बांधावर खरंच वायर घालून मशीन ओढलं, तेव्हा राहवलं नाही.

क्लच वायर म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ. दगडावर आपटली की ती एकदम तुटत नाही, एकेक तार पिंजत जाते आणि तुकडे उडतात. मशीन मिनिटाला 7000 फेरे घेतंय आणि 40 सेंटीमीटरचा घेर कापतंय असं धरा. टोकाचा वेग तासाला 500 किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने सुटलेला तुकडा पँट बघत नाही, पिंढरी बघत नाही. दोरीचं नायलॉन दगडावर झिजतं, तुटतं. ते तसंच असायला पाहिजे. ब्रिटनमध्ये अशा मशीनला लावलेल्या साखळीची कडी उडून माणूस मेला. त्यानंतर युरोपियन कमिशनने 19 जानेवारी 2012 ला निर्णय काढून साखळीसारखी जोडलेल्या धातूची कटर हेड (मशीनच्या टोकाला फिरणारा, कापणारा भाग) बाजारात आणायला बंदी घातली. वायर म्हणजे साखळी नव्हे, असं कोण म्हणेल तर तुकडा उडायचं कारण तेच आहे. मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तकातही धातूची तार वापरू नका असं लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक खोक्यासकट माळ्यावर.

आणि बांधावरचं गवत जातं कुठं? गोठ्यात. म्हैस वैरण चावत बसत नाही, आधी गिळते, रवंथ नंतर. तारेचा तुकडा पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो. त्याच्या पुढ्यात पडदा आणि पडद्यापलीकडे काळीज. तार टोचत गेली की जनावर खायचं सोडतं, दूध तुटतं, पाठ वाकवून उभं राहतं. रिळाचे पैसे वाचवून म्हैस घालवायची, हा कुठला हिशोब? खरं तर वैरणीला नायलॉनही नको, पातं लावा नाहीतर विळा घ्या.

गार्ड काढणं हा शुद्ध येडेपणा. दगड अंगावर येऊ नये म्हणून तो आहे, आणि जादा दोरी कापणारी पट्टीही त्यालाच असते. दोरी लांब राहिली की इंजिन दमतं. जाड दोरीचंही तेच: हेडला 2.4 मिलिमीटरची सांगितली असेल तर 3 ची घालून क्लच जाळू नका.

भिजवायचं मात्र बरोबर आहे, मान्य. नायलॉन पाणी शोषतं, सुकलं की ठिसूळ होतं. दुकानात वर्षभर टांगलेलं रीळ रात्रभर पाण्यात ठेवलं तर दोरी कमी तुटते. पण तेवढंच.

'गुंडाळा कशीबी' म्हणणाऱ्यानं कधी दोरी बदललेली नसावी. दोन टोकांच्या हेडला दोरी मधे दुमडा, घडी हेडमधल्या चकतीच्या खाचेत अडकवा, चकतीवरच्या बाणाच्या दिशेनं दोन्ही पदर आपापल्या कप्प्यात घट्ट गुंडाळा. एकावर एक चढले की गरम होऊन चिकटतात, मग हेड जमिनीवर कितीही आपटा, दोरी बाहेर येत नाही. शेवटी वीतभर टोक सोडून खाचेत धरा, भोकातून बाहेर काढा. आणि पूर्ण हेड काढायचं असेल तर बहुतेक मशीनला आटे उलटे असतात. सैल करायला उजवीकडे फिरवा, पान्यावर उभं राहू नका.