कुरडया आणि यलो अलर्ट

आमच्या घरी उन्हाळ्याचा अंदाज दोन ठिकाणांहून येतो. हवामान खातं मार्चच्या तोंडावर मार्च ते मे या तीन महिन्यांचा कल सांगतं. आई होळीच्या ज्वाळा कुठल्या दिशेला झुकल्या ते पाहून सांगते. दोघांचाही निष्कर्ष बहुतेक एकच असतो: यंदा ऊन जास्त. नागपुरात राहून दुसरं काही म्हणायची सोयही नाही. खरा घोळ एप्रिल उजाडल्यावर सुरू होतो, कारण मग मोबाइलवर असं वाचायला मिळतं: 'काही भागांत उष्णतेची लाट. तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट व ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह पाऊस.' एकच जिल्हा, एकच दिवस, एकच पिवळा रंग.

हे वाचून डोक्याला दुपट्टा बांधावा की छत्री घ्यावी, एवढाच ज्याला प्रश्न पडतो तो माणूस सुखी. आमच्याकडे प्रश्न असतो, गहू कधी भिजवायचा.

ज्यांनी कुरडया फक्त तळल्यावर पाहिल्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजतो, त्याचं पाणी रोज बदलावं लागतं. चौथ्या दिवशी तो वाटायचा, चीक गाळायचा आणि रात्रभर खाली बसू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्याने गच्चीवर घालायचा. म्हणजे ऊन लागतं पाचव्या दिवशी, आणि निर्णय घ्यायचा पहिल्या दिवशी. जिल्ह्यांचे इशारेही पाचच दिवसांचे असतात, आणि त्यातला पाचवा दिवस सगळ्यात कच्चा. सोमवारी हिरवागार दिसणारा शुक्रवार बुधवारी पिवळा पडतो. यात खात्याचं काही चुकत नाही, रोज नव्या नोंदी येतात तसा अंदाज बदलतो. फक्त त्यांना अंदाज बदलता येतो, आम्हाला भिजलेला गहू परत डब्यात भरता येत नाही.

"एवढी ऊन तापून राहिली, अन् पाणी कुठून येऊन राहिलं?" आई दरवर्षी विचारते, जणू ते मीच मागवलं आहे. खरं तर ऊन तापतं म्हणूनच ते येतं. जमीन भाजते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर चढते. त्यात बंगालच्या उपसागराकडून थोडा ओलावा आला आणि वर हवेचा एखादा कमी दाबाचा पट्टा पडलेला असला, की दुपारनंतर ढग चढायला लागतो. चढतो म्हणजे किती, तर दहा-बारा किलोमीटर, कधी त्याहून उंच. मग वरची थंड हवा धाडकन खाली कोसळते. पावसाआधी धूळ, पालापाचोळा आणि शेजाऱ्यांचे टॉवेल घेऊन जो वारा सुटतो, तो हाच. कुरडया वाळवणारं ऊन आणि भिजवणारा ढग एकाच घरचे आहेत, हे मी आईला समजावलं. ती म्हणाली, "मंग तू वर जाऊन बस."

भर दुपारी गच्चीवर राखण करणं म्हणजे काय, हे तापमानाच्या आकड्यावरून कळत नाही. तो आकडा येतो झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीतून, सावलीतून, जमिनीपासून छातीभर उंचीवरून. ही पेटी थॉमस स्टीव्हनसन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने काढली. थर्मामीटरची उत्तम सोय आहे. स्लॅबवर पाटावर बसून कावळे हाकणाऱ्या माणसासाठी तशी पेटी अजून निघालेली नाही.

शिवाय आमच्या त्रासाला किंमतही नाही. मुंबईच्या आत्येभावाचा फोन आला, "अरे, आमच्याकडे हीटवेव्ह डिक्लेअर झालीये!" किती, तर 38. किनाऱ्यावर 37 गाठलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असलं, की लाट धरतात. मैदानी भागात निदान 40 लागतं आणि वर तोच साडेचारचा फरक. नागपूरची मे महिन्यातली सरासरीच 42-43. म्हणजे 44 अंशांत माझी चप्पल स्लॅबला चिकटत असली तरी ती लाट नाही, तो नुसता मंगळवार. 45 झालं की मग सरासरी न पाहता आमचीही दखल घेतात.

तर त्या दिवशी चार वाजता पश्चिमेला आभाळ आलं. कुरडया ऐन मोक्याच्या अवस्थेत होत्या: वरून पांढऱ्या, कडक, खाजवलं तर खरखर वाजतील अशा, आणि खालून ओल्या, लुगड्याला घट्ट धरून बसलेल्या. अशी कुरडई उचलायला गेलं की मोडते, ठेवली आणि थेंब पडले की परत चीक होते. खिशातल्या 'दामिनी' अ‍ॅपने विजेचा इशारा वाजवला. मी आभाळाकडे पाहून मोजायला लागलो. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि माणसाने उघड्यावर थांबू नये.

"काहून उभा आहेस? उचल नं बाप्पा!" जिन्यातून आई.

"आई, मोजतोय."

"किती हायेत त्या खाली मोजजो!"

पुढची पाच मिनिटं सगळी बिल्डिंग वर होती. समोरच्या काकूंच्याही कुरडया त्याच गच्चीवर, शेजारच्या लुगड्यावर. वारा दोन्ही लुगड्यांत शिरला. चौघांनी चार टोकं धरली, पाचव्याने मधूनच "सोडू नका" म्हणून ओरडत आपलं टोक सोडलं. गडगडाट बराच जवळ आला तेव्हा आम्ही सगळं एकत्र गुंडाळून जिन्यात शिरलो. लाईट गेली, हे सांगायला नकोच.

पाऊस पडला. रस्त्याच्या पलीकडे पडला. खिडकीतून पाहिलं तर तिथली पोट्टी भिजत नाचत होती आणि आमच्या कठड्यावर मोजून थेंब. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर, असा हिशेब असतो. उरलेल्या पाऊण भागातही कोणीतरी राहतंच. अंदाज तंतोतंत खरा ठरला होता, त्याविषयी तक्रार करायला जागा नव्हती. हवा मात्र दमट झाली, आणि लाईट आल्यावर सुरू केलेला कूलर रात्रभर खोलीत नुसती वाफ सोडत राहिला. कोरड्या उन्हाशी त्याचं जमतं, ओल्या हवेत तो काही कामाचा नाही.

तोवर हॉलमधल्या सतरंजीवर कुरडयांची वाटणी सुरू झाली होती. काकूंचं म्हणणं, त्यांचा सोऱ्या बारीक जाळीचा आहे, त्या आपल्या कुरडया अंधारातही ओळखतील. आईने टॉर्च धरला. काकूंनी एकेक उचलून, उलटून पाहून, बाजूला रचायला सुरुवात केली. अर्ध्या तासात काम उरकलं. अख्ख्या निघाल्या त्या सगळ्या काकूंच्या होत्या. मोडक्या आमच्या.