ऑपरेशनला वर्गणी निघते, मग संशोधनाला का नाही?

कोल्हापुरात एखाद्या पोराच्या हृदयाला भोक आहे, ऑपरेशनला पैसे कमी पडतायत असा मेसेज ग्रुपवर पडला की तालीम, मंडळं, रिक्षावाले सगळे पदरचं काढून देतात, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ते भोक पडलंच का, पुढच्या बाळाला पडू नये म्हणून काय करता येईल हे वर्षानुवर्षं शोधणाऱ्या माणसांसाठी आपण कधी शंभर रुपये तरी काढलेत का?

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं बाळ ओठ फाटलेलं जन्मलं. बघायला आलेल्या बायका पाळण्यापाशीच विचारायच्या, ग्रहणात काय चिरलंस गं? त्या बिचारीचे टाके ओले, बाळाला दूध ओढता येईना म्हणून वाटी-चमच्यानं पाजत होती आणि मान खाली घालून आठवत होती की त्या दिवशी कांदा चिरला होता का. इतका राग आला मला! पण खरं काय ते त्या बायकांनाही कुणी कधी सांगितलं नव्हतं.

खरं शोधणारे लोक आहेत बरं का. १९६० मध्ये, म्हणजे गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड गोळीनं हातापायांची वाढ न झालेली हजारो बाळं जन्मली हे जगाला कळायच्या आधीच, अमेरिकेत टेराटॉलॉजी, म्हणजे जन्मतःच्या दोषांचा अभ्यास करणारी सोसायटी सुरू झाली. २०१९ पासून तिचं नाव सोसायटी फॉर बर्थ डिफेक्ट्स रिसर्च अँड प्रिव्हेन्शन. औषधं, रसायनं, विषाणू, आहार यांचा गर्भावर काय परिणाम होतो हा त्यांचा विषय. त्यांचं स्वतःचं जर्नल आहे, दरवर्षी परिषद भरते.

अमेरिकेतल्या संस्थेला आपण कशाला द्यायचं, असं कुणीतरी म्हणणारच. अहो, १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाला होता, आणि २०१८ मध्ये आपल्या झेडपीच्या शाळांत पोरांना गोवर-रुबेलाची लस टोचली. फॉलिक ॲसिडचं तर अजूनच भारी. आधीचं बाळ मणक्याच्या किंवा मेंदूच्या दोषाचं झालेल्या बायकांना ही गोळी दिली तर तो दोष परत व्हायचं प्रमाण ७२ टक्के कमी होतं, हे १९९१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं. एवढीशी स्वस्तातली गोळी! फक्त ती दिवस राहायच्या आधीपासून चालू पाहिजे, कारण बाळाचा मणका आणि मेंदू जिच्यातनं बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, आणि आपल्याकडं पाळी चुकली, टेस्ट केली, सासूला सांगितलं, मग दवाखाना, तोवर ती वेळ गेलेली असते.

आणि आपले स्वतःचे प्रश्नही आहेतच की. मामाच्या पोरीशी लग्नं आमच्याकडं अजून होतात, उसात तणनाशक मारलेल्या रानात गरोदर बायका भांगलायला जातात. याचा अभ्यास इथल्याच पोरापोरींनी करायला पाहिजे, आणि त्यांना अशा संस्थेची मेंबरशिप, परिषदेचं भाडं आपण का देऊ नये?

मी या वर्षीपासून थोडे पैसे बाजूला काढतोय. मंडळाच्या मीटिंगमध्येही विषय मांडणार आहे, साउंड सिस्टीमच्या बजेटमधला एक हिस्सा या कामाला द्या म्हणून. आणि घरात कुणाचं लग्न ठरलं असेल तर फॉलिक ॲसिडचं आत्ताच डॉक्टरांना विचारा, फिट्सची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण औषधांचा गर्भावर परिणाम होऊ शकतो, पण मनानं बंद करू नका.