पत्रा किती, लांबी किती

जुन्या ट्रकचा गंज मोजायचं माझं सूत्र सोपं आहे. रंगावर रुपयाएवढा फोड दिसला की आत जेवणाच्या ताटाएवढं भोक धरून चालायचं. ताट बालवाडीतलं की पंगतीतलं, ते गाडीने किती पावसाळे उघड्यावर काढले यावर ठरतं.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून एके काळी डॉज आणि फार्गो नावाचे ट्रक निघत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. ट्रक मुळात एकच, नाव तेवढं वेगळं. जुळ्या भावंडांना वेगळ्या टोप्या घालाव्यात तसं. असा एखादा फार्गो बाभळीखाली उभा दिसला की चांगल्या शहाण्यासुरत्या माणसालाही पाझर फुटतो. विकणारा म्हणतो, "इंजिन एक नंबर. बॉडीचं थोडं काम आहे." ह्या 'थोडं'मध्ये माणसाचे दोन उन्हाळे सहज मावतात.

पैसे देण्याआधी फ्रिजवरचं चुंबक खिशात टाकून न्यावं आणि केबिनवरून फिरवावं. चिकटलं तिथे पत्रा, घसरलं तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. शाळेत शिकवतात की वस्तूला लांबी, रुंदी आणि जाडी असते. गॅरेजमध्ये लांबीला फक्त जाडी असते. ती दोन-तीन मिमी असेल तर ठीक. बोटभर असेल तर ती तडकते, तडकीतून पाणी शिरतं आणि रंगाखाली गंजाला पक्कं घर मिळतं. खरवडायला बसलात की मागच्या सगळ्या मिस्त्रींच्या सह्या सापडतात: लांबीखाली एपॉक्सी, एपॉक्सीखाली पॉप रिव्हेटने ठोकलेला गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा. त्यावरचं 'शुद्ध शेंगदाणा' अजून वाचता येतं. केबिनपेक्षा डबा टिकाऊ निघतो, हे मान्य करावंच लागतं.

गंज शोधायचा तर पाणी कुठे बसतं ते बघा. छपराच्या कडेची पन्हळ, समोरच्या काचेच्या रबराखालचा पत्रा, पायाखालच्या मॅटखाली अंथरलेल्या गोणपाटाचे कोपरे आणि दारांचं बूड. दाराच्या खाली पाणी निघायला भोकं असतात. ती धूळ-मातीने बुजली की दाराची बादली होते. पेचकसच्या मुठीने ठोकत जा. 'टण' आलं तर पुढे, 'भद' आलं तर टोक घालून बघा.

आता कापायचं. पण त्याआधी बॅटरी सोडवा आणि डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. मग दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपाचे आडवे-तिरपे आधार वेल्डिंगचे टाके घालून जोडा आणि दोन्ही कर्णांची मापं खडूने तिथेच लिहून ठेवा. हे न करता खालची पट्टी कापली तर केबिन हळूच बसते, आणि पुढे आयुष्यभर दार लावायला खांदा लागतो.

ग्राइंडरला १ मिमीची कटिंग डिस्क लावून चकाकता पत्रा लागेपर्यंत कापायचं. कोपरे गोल ठेवायचे. ठिगळाचा आकार काढायला जाड पुठ्ठा लागतो, आणि त्यासाठी लग्नपत्रिकेसारखी वस्तू नाही. पत्र्याआधी पत्रिका जुळवायची, मग कापायचं. ठिगळ भोकावर चढवू नका. काठाला काठ लावून, १ मिमीची फट ठेवून बसवा. चढवलेल्या जोडात पाणी अडकतं आणि चार वर्षांनी तुम्ही पुन्हा पत्रिका शोधत बसता.

पत्रा सीआर, म्हणजे थंड लाटलेला साधा, घ्या: केबिनच्या जमिनीला १.२ मिमी, दाराला १ मिमीच्या आतबाहेर. 'शेठ, जीपी घ्या, गंजतच नाही,' असं कोणीतरी सांगेलच. जीपीवर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला की संध्याकाळी मलेरियासारखी हुडहुडी भरते.

खरी परीक्षा वेल्डिंगची, आणि ती हाताची कमी, स्वभावाची जास्त. मिग मशीन (तार आपोआप पुढे सोडत वेल्डिंग करणारं), ०.८ मिमीची तार, जोडाला हवा लागू न देणारा आरगॉन-कार्बन डायऑक्साइडचा गॅस. पहिले टाके २५-३० मिमी अंतराने: एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर. हात ठेवता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग मधल्या जागा भरायच्या. एका दमात रेघ ओढायचा मोह ज्याला आवरत नाही, त्याच्या पत्र्याला पोट सुटतं. जोड थंड होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो. मग बोटाने दाबलं की दार डब्याच्या झाकणासारखं 'टकटक' बोलतं. उपाय म्हणजे मागे डॉली, म्हणजे हातातला लोखंडी ठोकळा, धरून जोडावरच हातोडी चालवायची, म्हणजे आकसलेलं लोखंड पुन्हा ताणलं जातं. हे काम शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळीच का निघतं, याचं उत्तर शास्त्राकडे नाही.

मे महिन्यात पंखा लावायचा नाही. वाऱ्याने गॅस उडतो आणि जोडाला घावनासारखी जाळी पडते. पत्रा जळून भोक पडलं तर मागे तांब्याची पट्टी धरा. वितळलेलं पोलाद तिला चिकटत नाही. तांब्याचा पाइप ठोकून सपाट केला तरी चालतो. देवघरातल्या ताम्हनावर डोळा ठेवू नका. पकडले जाल.

मग येते लांबी. आधी उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, मग लांबी. लांबी घट्ट करणारं हार्डनर शेकडा दोन. मिस्त्री 'अंदाजे' घालतो. त्याचा अंदाज उन्हाळ्यात चुकला तर लांबी पातीवरच दगड होते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे लांबी ओल्या वॉटर पेपरने घासणं. ती स्पंजासारखी पाणी पिते आणि वर्षभराने रंगातून फोड काढून परत करते. लांबी कोरडीच घासा, ८० नंबर, मग १८०. पाणी लागायचं ते सरफेसर (रंगाआधीचा थर) मारल्यावर, ४०० आणि ६०० नंबरला.

आणि पावसाळ्यात पत्रा उघडा करू नका. रात्री हात लावलात तर सकाळी त्यावर पाच बोटं तांबडी उमटलेली असतात. दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर संपवायचं, असं मी सगळ्यांना सांगतो. कोणाचंच संपत नाही.

शेवटी रंग झाला, दारांच्या आत मेणाचा फवारा मारायचा राहिला, की मिस्त्री कौतुकाने बूड दाखवतो: "शेठ, दाराला खाली चार-चार भोकं राहिली होती. लांबी भरून टाकली. त्याचे पैसे नाही लावले."